आवळला कुणी?

निपाणीत जुन्या पी. बी. रोडवर तंबाखूच्या बंद पडलेल्या वखारींची एक रांग आहे. तिच्या टोकाला एक निळं शटर दिसतं. त्याच्यावर पाटी नाही. तरी चिकोडी, संकेश्वर, कागलकडून गाड्या येतात आणि बरोबर तिथंच थांबतात. ते दुकान सुलाबाई कांबळेचं. गाव तिला सुलाक्का म्हणतं. मी तिला तिच्या लहानपणापासून बघितलेलं आहे, म्हणून सुला म्हणते.

सुला गाडी दुरुस्त करत नाही. इंजिन उघडत नाही, ब्रेक बघत नाही, ऑइल बदलत नाही. तिचं काम एकच: दुसऱ्या कुणाच्या हातून न निघालेला बोल्ट काढायचा. बोल्टाच्या डोक्याला सहा कोपरे असतात आणि पाना त्या कोपऱ्यांना धरतो. गंजलेल्या बोल्टावर कुणी चुकीचा पाना लावून जोर केला की कोपरे झिजतात, डोकं गोल होतं, आणि मग कुठलाच पाना त्याला धरत नाही. मेकॅनिक म्हणतात, बोल्ट स्लिप झाला. असा एक बोल्ट अडला की सगळी गाडी अडते. मग मोठमोठ्या गॅरेजची माणसंही सुलाच्या दारात येऊन उभी राहतात. एरवी त्यांचे आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू येतात, पण इथं ती दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखी गप्प असतात.

सुला आधी गाडीकडे बघतच नाही. स्टुलावर बसल्या बसल्या विचारते, "आवळला कुणी?"

याला मिळणारी उत्तरं मी तिथं बसून बरीच ऐकली आहेत. आधीच्या मेकॅनिकनं. गोव्याला जाताना वाटेत कुणीतरी. मेव्हण्यानं गाडी नेलती, त्यानं काय केलं देवाला ठाऊक.

"तीस वर्सं झाली वैनी," सुला मला म्हणाली होती, "गाडी घेऊन येणाऱ्यानं कधी बोल्ट म्हणून आवळला न्हाय. सगळ्या निपाणीचे बोल्ट आधीच्या मेकॅनिकनं आवळल्यात. एकदा गावू दे मला त्यो. च्या पाजणार हाय. त्याच्यावरच घर चाललंय माझं."

दोष देण्यासाठी ती विचारत नाही. पायानं दाबून आवळलेला बोल्ट वेगळा असतो, पान्याला पाइप जोडून आवळलेला वेगळा, आणि रागात आवळलेला तर फारच वेगळा, असं ती सांगते. ज्या वाटेनं तो आत गेला त्याच वाटेनं त्याला बाहेर आणायचं, म्हणून ती वाट आधी विचारून घ्यायची.

तिची दुसरी गोष्टही सगळ्या गावाला माहीत होती. नवरा वारल्यावर तिनं दुकान पुन्हा उघडलं तेव्हा गॅरेजवाले हसले होते. तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली होती, "माझ्या हातानं बोल्ट तुटला, त्या दिवशी शटर खाली. बाई म्हणून सांभाळून घ्या म्हणणार न्हाय." त्या गोष्टीला बावीस वर्षं होऊन गेली. शटर रोज सकाळी नऊला वर जात होतं.

हे बोटांचं ज्ञान तिला कुठून आलं, ते मला माहीत आहे, कारण ते आमच्या वखारीत आलं.

मी बेळगावच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात शिकले आणि बाविसाव्या वर्षी निपाणीच्या जैन व्यापाऱ्याच्या घरात सून म्हणून आले. सासऱ्यांची तंबाखूची वखार होती. माझं अक्षर बरं म्हणून बायकांच्या हजेरीचं पुस्तक माझ्याकडे आलं. त्यात नागुबाई कांबळे हे नाव वर्षानुवर्षं आहे. सत्याहत्तर साली नागुबाईबरोबर तिची दहा वर्षांची मुलगी येऊ लागली. तिचं नाव पुस्तकात नव्हतं. लहान मुलांची नावं आम्ही लिहीत नसू. चाळलेल्या तंबाखूतून बारीक काड्या वेचायच्या, हे काम. तंबाखूच्या धुळीनं डोळ्यांची आग व्हायची, म्हणून ती पोर डोळे मिटून वेचायची. आणि उघड्या डोळ्यांच्या बायकांपेक्षा तिच्या चाळणीत काड्या कमी राहायच्या. कारकून गंमत म्हणून तिच्या हातात पानं द्यायचे आणि ती न बघता सांगायची, हे वरच्या शेंड्याचं, हे बुडाचं, हे काल भिजलंय.

त्या बायकांसाठी पाण्याचा डेरा वेगळा असे, उंबऱ्याबाहेर. माझ्या तेव्हाच्या डायरीत पावसाचे इंच आहेत, भाव आहेत, कोणाकडे कोण आलं ते आहे. त्या डेऱ्याबद्दल एक ओळ नाही.

पुढं सुलाचं लग्न सिद्रामशी झालं. तो बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि निपाणीत येऊन त्यानं हे दुकान टाकलं. सुला दुपारी त्याचा डबा घेऊन जायची. एकदा एका ट्रकचा बोल्ट निघत नव्हता. सिद्राम घामाघूम होऊन पाना ओढत होता. सुलानं डबा खाली ठेवला आणि सहज पान्यावर बोटं टेकली. म्हणाली, "थांबा, मऊ झालाय त्यो."

"लोखंड हाय गं, भाकरी न्हाय," सिद्राम म्हणाला, आणि त्यानं आणखी एकदा ओढलं. बोल्टाचं डोकं तुटून त्याच्या पायाशी पडलं.

तुटायच्या आधी बोल्ट मऊ लागतो. निघणार असेल तर कुरकुर करतो, तुटणार असेल तर गप्प होऊन मऊ पडतो. हे सिद्रामलाही माहीत होतं, पण त्याला ते कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. सुलाला आधी कळायचं. त्या दिवसापासून अडलेला बोल्ट आला की तो डब्याची वाट बघत बसायचा. पुढं ती सकाळपासूनच दुकानात बसू लागली. त्याला काविळीनं नेलं तेव्हा मुलगा प्रशिक सहावीत होता. आता तो बेंगळुरूत इंजिनिअर आहे.

गेल्या दिवाळीनंतर त्या प्रशिकचा मला फोन आला.

"काकू, आईला तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही. तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर होतायत. दिवाळीत चहाचा कप हातातनं निसटला, तिला पडल्यावर कळलं."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. मनगटात नस दाबली गेलीय म्हणतात. लहान ऑपरेशन आहे, पण फार उशीर केला तर बोटांची जाण परत येणार नाही म्हणतात. ती म्हणते, हाताला ब्लेड लावलं की हात गेला. मी म्हटलं, मग दुकान बंद कर आणि इकडं ये. तर म्हणते, बोल्ट कुठं तुटलाय अजून."

मी सांगते म्हणाले. कसं सांगावं ते ठरेना, म्हणून आठ दिवस गेले नाही. नववा दिवस माझ्याच गाडीनं आणला.

आमची पांढरी मारुती आता जुनी झाली आहे. ती मी नातीला, दिव्याला द्यायची ठरवली होती. त्याआधी गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट करून घ्यायचं होतं आणि डाव्या सीटखालचा पत्रा गंजून भोक पडलेलं होतं. तिथं ठिगळ लावायचं तर सीट काढावी लागते. सीटला चार बोल्ट. नागेंद्रच्या गॅरेजमध्ये तीन निघाले. चौथ्याशी त्यानं तासभर झटापट केली आणि हात पुसत म्हणाला, "काकी, ह्यो सुलाक्काचा बोल्ट."

तो बोल्ट मला चांगला माहीत होता.

माझ्या यजमानांचं, आण्णासाहेबांचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसता यावं म्हणून पुढची डावी सीट काढून ठेवली होती. शेवटचं सव्वा वर्ष मी त्यांना तसंच बेळगावला दवाखान्यात नेत होते. मी चालवायची, शेजारी मोकळी जागा, आणि त्या जागेत त्यांची पावलं. ते गेल्यावर गाडीत बसलं की माझी नजर त्या मोकळ्या जागेवर जायची. महिनाभर सोसलं. मग डिसेंबरातल्या एका शनिवारी सीट माळ्यावरून खाली उतरवून घेतली आणि माझ्या हातानं बसवली. कुणा मेकॅनिकचा हात तिथं लागू नये असं वाटलं. आण्णासाहेबांच्या पहिल्या फियाटचे पाने कॅनव्हासच्या गुंडाळीत होते, तेच घेतले. ते पाने इंचाचे आणि मारुतीचे बोल्ट मिलिमीटरचे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नऊ-सोळांशाचा पाना चौदाच्या बोल्टावर बसतो. थोडा ढिला, पण बसतो. तीन बोल्ट नीट गेले. चौथा पहिल्या वेढ्यापासून जड होता. काढून पुन्हा लावावा हे कळत होतं. संध्याकाळ झाली होती, कंबर भरून आली होती, आणि मला ते संपवायचं होतं. मी जोर करत राहिले. शेवटी पाना कोपऱ्यांवरून घसरून माझी बोटं सोलली गेली, तेव्हा थांबले.

एकोणीस नोव्हेंबरला, मंगळवारी सकाळी, नागेंद्र गाडी घेऊन सुलाच्या दारात आला. मी त्याच्या मागोमाग रिक्षानं पोचले. सुलानं मला खुर्ची दिली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, तिथंच मी नेहमी बसते. मग ती स्टुलावर टेकली.

"काय वो वैनी, तुमचा बी आला का शेवटी? आवळला कुणी?"

नागेंद्र माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "आधीच्या मेकॅनिकनं असेल."

"पाइप घालूनच आवळलाय, आक्का," नागेंद्र म्हणाला. "कुणीतरी रेड्यानं आवळलाय."

"असेल," मी म्हणाले.

शाळेत असताना खोटं बोलल्याबद्दल सिस्टरनी एकदा हातावर पट्टी मारली होती. त्यानंतर इतकं सरळ खोटं मी बोलल्याचं मला आठवत नाही. आणि ते नागेंद्रसाठी नव्हतं. ज्या मुलीचं नाव मी हजेरीच्या पुस्तकात लिहिलं नाही, तिच्यासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं.

नागेंद्र त्याच्या गॅरेजला परत गेला. सुलानं गाडीचं दार काढून बाजूला ठेवावं इतकं सताड उघडलं, गुडघ्याखाली पोतं घेतलं आणि आत वाकली. डोळे मिटले. उजव्या हाताचा अंगठा बोल्टाच्या डोक्यावरून फिरवला.

"चार कोपरे हायत अजून. लई वाईट न्हाय."

सकाळीच नागेंद्रच्या गॅरेजमध्ये मी त्या डोक्यावरून बोट फिरवलं होतं. चार नव्हते. एक कोपरा शिल्लक होता आणि दुसऱ्याची नुसती खूण; बाकी सगळं पेढ्यासारखं गोल.

तिनं चौदाची गोटी लावली. मेकॅनिक लोक ज्या गोल पान्याला गोटी म्हणतात, तो डोक्यावर टोपीसारखा बसतो. लावली आणि दांडा ओढला. गोटी गर्रकन फिरली. सुला थबकली. तिनं गोटी काढून उजेडात धरली, जणू खोट गोटीतच असावी. मग मान हलवून तेराची घेतली आणि हातोडीनं ठोकून ठोकून त्या गोल डोक्यावर बसवली. एक नंबर लहान घेऊन ठोकून बसवायची, म्हणजे ती लोखंडात दात रोवते. छोट्या बर्नरनं बोल्ट तापवला, खालच्या बाजूनं मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण चर्रकन बोल्टाच्या आट्यांत शिरलं. हे सगळं तिनं नेहमीसारखं झोकात केलं. फक्त मेणबत्ती ठेवताना ती दोनदा हातातून निसटली, आणि दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

"रेड्यानं आवळलाय म्हणतोय न्हवं," ती म्हणाली. "मग आदी जरासा आवळायचा. गंज मोडतोय. मग सोडायचा."

तिनं दांडा उजवीकडे, आवळायच्या बाजूला धरला.

तिची ही रीत मी कित्येकदा बघितली होती. पाइप लावून आवळलेल्या बोल्टाला ती बरोबर लागू पडते. पण हा आत सरळ गेलेलाच नव्हता. तो तिरका जाऊन आट्यांत रुतलेला होता. आणखी आवळला तर तुटणार होता. आणि एरवी सुलाला हे पहिल्या स्पर्शात कळलं असतं. मला विचारायचीही गरज तिला पडली नसती.

"सुला, थांब," मी म्हणाले. "तो मी आवळला."

ती तशीच वाकून राहिली. मग हळूच मागं सरकून पोत्यावर बसली.

"तुमी?"

"मी. सीट मी बसवली. आण्णासाहेब गेल्यावर."

"कशानं?"

"फियाटच्या पान्यानं. नऊ-सोळांश."

"इंचाचा," ती म्हणाली. "आणि गेला कसा? बोटानं गेला का आदी?"

"बाकीचे तीन निम्मे बोटांनीच गेले. हा पहिल्या वेढ्यालाच जड होता. पाच वेढे पान्यानं गेला. सहाव्याला कोपरे गेले."

"पाच? नक्की?"

"लिहून ठेवलेलं आहे."

सुला हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. उजवा हात उलटा करून बोटांकडे बघत राहिली. रस्त्यावरून उसाचे दोन ट्रॅक्टर गाणी लावून गेले, तरी ती बघतच होती.

"तिरका गेलाय," ती म्हणाली. "आणि मी त्येला आवळाय निघालते. चार कोपरे म्हणलं न्हवं मी? किती हायत खरं?"

"एक. आणि दुसरा थोडासा."

"तुमास्नी कळलं आणि मला न्हाय."

मी म्हणाले, "प्रशिकनं फोन केला होता."

"त्यो काय, सगळ्या कर्नाटकाला फोन करतोय." बोटं चोळत ती म्हणाली, "ह्या बोटात मुंग्या हायत वैनी. रातभर. सकाळी तर हातात हात न्हाय असंच वाटतंय. सवाशिणीगत बांगड्या घालून बस म्हणतोय बेंगळुरात."

"बोल्ट नागेंद्रकडे परत पाठवू," मी म्हणाले. "तो कापून काढेल. तुझ्या हातून तुटायला नको."

माझा हेतू चांगला होता, पण तिला ते लागलं. ती गुडघ्यावर उठली. "कापाय कशाला? हितवर आलाय न्हवं. या हिकडं. बसाय येतंय का खाली?"

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी निपाणीच्या रस्त्यावर पोत्यावर गुडघे टेकून माझ्याच गाडीत डोकं घातलं. सुलानं माझा उजवा हात दांड्यावर ठेवला आणि वर आपला हात ठेवला.

"जोर मी करते. तुमी नुसतं सांगायचं, काय लागतंय."

"मला काय कळणार त्यातलं?"

"लाडवाचा पाक कळतोय का?"

"कळतो."

"मग झालं. रव्यागत लागलं तर रवा म्हणा. पाकागत ताणलं तर पाक म्हणा. पाक म्हणलं की मी सोडणार."

तिनं सोडायच्या बाजूला दाबलं. आधी काहीच नाही. मग हाताच्या तळव्याला एक बारीक किरकिर लागली, चुलीतल्या राखेत बोट घातल्यासारखी.

"रवा," मी म्हणाले.

"किती?"

"बारीक रवा."

ती थांबली, तेलाचे चार थेंब सोडले, थोडं उलटं घेतलं, पुन्हा सोडायच्या बाजूला दाबलं. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही, आणि हे माझ्या स्वभावाला सोडून होतं. पाव वेढा झाला असेल. मग दांड्याखाली काहीतरी बदललं. किरकिर गेली. सगळं छान, सोपं, गुळगुळीत झालं. निघाला, असं मी म्हणणार होते.

"सुला, पाक."

तिचा हात जागच्या जागी सुटला. दांडा किंचित मागं आला, दोरी ढिली सोडावी तसा.

"तुटला का?"

"न्हाय," ती म्हणाली. "वाचला. आता च्या पिऊ. त्येला गार होऊ दे, आपुन बी होऊ."

तिनं माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात भरून मला दिलं. मी प्याले आणि पेला तिच्या हातात परत दिला. तिनं तोच पेला पुन्हा भरला आणि उभ्यानं प्याली. शेजारच्या टपरीतून चहा आला. तो आम्ही गाडीच्या उघड्या दाराला टेकून घेतला. सुलानं बशी डाव्या हातात धरली होती.

"आण्णासाहेब लई हळू बोलायचे," ती मधेच म्हणाली. "आमच्या आईला नागुबाई म्हणायचे, नागे न्हवं. एवढंच ध्यानात हाय."

चहानंतर पुन्हा बसलो. अर्धा वेढा, एक, दीड. प्रत्येक पाव वेढ्याला ती थोडं मागं घ्यायची आणि मी रवा म्हणायची. तिसऱ्या वेढ्याला तो जाड रवा झाला, चौथ्याला पुन्हा एकदा पाक आला आणि आम्ही पुन्हा थांबलो. पाचवा वेढा पुरा झाला आणि बोल्ट गोटीसकट बाहेर पडून गाडीच्या पत्र्यावर टणकन वाजला.

सुलानं तो उचलला, गोटीतून ठोकून काढला. एका बाजूचे आटे नीट होते, दुसऱ्या बाजूचे तिरके चरून गेले होते.

"पाच," ती म्हणाली. "तुमची डायरी खोटं बोलत न्हाय."

"मी बोलते," मी म्हणाले.

तेव्हा ती हसली. पदरानं तोंड पुसलं, बोल्ट मुठीत घेतला आणि स्टुलावर जाऊन बसली. माझे गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. मी खुर्चीवर येऊन बसले.

"वैनी, गेल्या म्हैन्यात लोंढ्याची एक जीप आलती. मागच्या चाकाकडचा बोल्ट. मी सोडाय लागले, आणि तुटला. मला कायबी लागलं न्हाय. मऊ न्हाय, कुरकुर न्हाय. एकदम ठाक. त्या माणसाला म्हणलं, आदीच चीर पडलीवती त्येला. आधीच्या मेकॅनिकनं पाडली असंल." तिनं मूठ उघडून बोल्टाकडे बघितलं. "त्यो बिचारा व्हय म्हणला. सुलाक्का म्हणतीय म्हंजे असंलच. एक म्हैना झाला, शटर वर करताना रोज आठवतंय. तुटला की शटर खाली, कोण म्हणलतं? मीच."

"मग आता?"

"तीस वर्सं विचारतीय, आवळला कुणी. एकबी मी म्हणला न्हाय. आज तुमी म्हणला." ती उठली. "मग मी बी म्हणते. त्यो मी तोडला."

तिनं गोटी, हातोडी, बर्नर जागच्या जागी ठेवले. मेणबत्तीचा तुकडा कागदात गुंडाळला. नागेंद्रला फोन करून गाडी न्यायला सांगितलं. मग दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, डाव्या हातानं तिनं शटर ओढलं. शेजारचा टपरीवाला हातातलं काम टाकून बघत राहिला.

"काय झालं, आक्का?"

"बोल्ट तुटला."

"मग? कायमचं?"

"खाली म्हणलते," सुला म्हणाली. "किती दिवस, ते कुठं म्हणलते?" आणि माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात: "बेळगावला कोण येतंय माझ्यासंगं? त्या डॉक्टरला मला विचारायचं हाय, आदी किती हात त्यानं कापल्यात आणि बिघडले तर कुणी बिघडवले म्हणतोय."

मी गेले. दिव्यानं गाडी चालवली, कारण पत्र्याला ठिगळ लागून सीट परत बसली होती. चौथा बोल्ट नागेंद्रनं नवा घातला, आटे साफ करून, बोटांनी. सुला डाव्या सीटवर बसली. वाटेत हत्तरगी येईपर्यंत ती पायाखालच्या पत्र्याकडेच बघत होती. दवाखान्यात डॉक्टरनं तिच्या प्रश्नाचं शांतपणे उत्तर दिलं. मनगटावर छोटा छेद, पंधरा-वीस मिनिटं. जाण किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही, उशीर झाला आहे, असंही तो स्पष्ट म्हणाला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बरा हाय. मागच्या डॉक्टरला नावं ठेवली न्हाईत."

चार डिसेंबरला ऑपरेशन झालं. टाके काढून झाल्यावर ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली. प्रशिक येऊन गेला. बेंगळुरूचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. सकाळी ती कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायची, मी तूर निवडायची. कधी कधी ती माझ्या ताटातले चार दाणे घेऊन डोळे मिटायची आणि पुन्हा टाकायची. काही सांगायची नाही.

तो बोल्ट माझ्या टेबलावर पेनांच्या डब्याशेजारी असतो. काल सकाळी ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मग येऊन खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा त्या गोल डोक्यावरून फिरवू लागली. एकदा, दोनदा. मनगटावरची खूण अजून लाल आहे. मी लिहायचं थांबवलं.

"एक कोपरा हाय," ती म्हणाली.

"दुसरा..." अंगठा परत मागं गेला, त्या जागी रेंगाळला, पुढं झाला. "दुसरा हाय का न्हाय, ते आज सांगत न्हाय. उगंच म्हणायचं म्हणून म्हणणार न्हाय."

तिनं बोल्ट होता तिथं ठेवला आणि कोमट पाणी आणायला आत गेली.